हेर्मान प्स्कोवला उपाशी का पोचतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘नेव्हस्की’ हा पटावरचा वॉरगेम घेतला, चार डाव झाले. ट्यूटॉनिक, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या, बाजूनं खेळताना दर वेळी बिशप हेर्मान भरपूर फौज घेऊन प्स्कोव या रशियन शहरावर जातो. वेढा नीट आवळायच्या आत त्याची दाणावैरण संपते, सोबतचे सरदार परत फिरतात. चार डावांत मोठी लढाई एकदाही झाली नाही. चूक कुठे होते आहे? आणि लढाईच होणार नसेल तर या खेळात करायचं काय?

हा खेळ २०१९ साली आला तेव्हापासून मी खेळतो आहे, दोन्ही बाजूंनी आणि बऱ्याचदा एकट्यानंही. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला माझा पहिला हिवाळा आठवला, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी हा पट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. खेळ रचला आहे व्होल्को रूंके यांनी, काढला आहे जीएमटी गेम्सनं. विषय १२४० ते १२४२ या दोन वर्षांतल्या मोहिमांचा. एका बाजूला लिव्होनिया आणि एस्टोनियातले ट्यूटॉनिक सरदार, डॅनिश राजपुत्र, बिशप. दुसऱ्या बाजूला नोव्हगोरोद, प्स्कोव, लादोगा इथले रशियन सरदार आणि त्यांनी बोलावून आणलेला राजपुत्र अलेक्सांद्र, ज्याला पुढे नेव्हस्की म्हणून जग ओळखू लागलं. एकेक फेरी चाळीस दिवसांची. कॅलेंडरवर अशी सोळा घरं आहेत. प्रत्येक फेरीत आधी जमवाजमव, म्हणजे सरदार आणि त्यांची माणसं गोळा करणं, मग मोहीम. मोहिमेसाठी सरदारांचे पत्ते आधीच क्रमानं रचून ठेवायचे, तो बेत. मग एकेक पत्ता उघडायचा आणि ज्याचा पत्ता त्या सरदारानं हलायचं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही प्स्कोवला कसं पोचायचं याचा विचार करून निघता. या खेळात विचार उलटा करावा लागतो. हेर्मान परत कधी आणि कुठल्या रस्त्यानं येणार हे आधी ठरवायचं, तिथून मागे मोजत यायचं, आणि मग किती माणसं न्यायची ते ठरवायचं. तुम्ही माणसं आधी ठरवता. इथेच घोडं पेंड खातं.

खाण्याचा नियम तुम्हाला माहीत आहे, पण त्याच्या पोटात काय दडलंय ते आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही. जो सरदार हलला किंवा लढला त्याला तो पत्ता संपला की खायला घालावं लागतं. एक ते सहा तुकड्या असतील तर एक दाणावैरण. सात किंवा जास्त असतील तर दोन. सातवी तुकडी जिंकायला किती उपयोगी पडेल ते फासे ठरवतील, पण खर्च ती त्याच क्षणी दुप्पट करते. जमवाजमवीत हातात एखादी हुकमी कृती शिल्लक असली की आपण ‘असू दे, अजून एक मांडलिक घेऊ’ म्हणून त्याला मॅटवर ठेवतो. पाचावर असलेला सरदार आठावर जातो. तिथेच पुढच्या चाळीस दिवसांचं गणित बिघडलेलं असतं.

आता वाहतूक. जितकी वापरता येण्याजोगी वाहनं, तितकी दाणावैरण सरदार मोकळा राहून नेऊ शकतो. त्याच्या दुपटीपर्यंत नेता येते, पण मग तो लादलेला ठरतो आणि एक वाट, म्हणजे पटावरच्या एका ठिकाणाहून शेजारच्या ठिकाणी, चालायला एकाऐवजी दोन कृती लागतात. दुपटीच्या वर असेल ते टाकून द्यावं लागतं.

दोन सरदार घ्या. दोघांची आज्ञा २, म्हणजे एका पत्त्यावर दोन कृती. हिवाळा आहे, दोघांकडे चार-चार स्लेज, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या, आहेत, शत्रूचं शहर तीन वाटा दूर आहे. पहिल्याकडे सहा तुकड्या आणि चार दाणावैरण. तो मोकळा आहे. पहिल्या पत्त्यावर दोन वाटा चालतो, एक खातो, तीन उरतात. दुसऱ्या पत्त्यावर तिसरी वाट चालून शहराखाली येतो, एक खातो. दोन पत्ते गेले, हातात दोन दाणावैरण.

दुसऱ्याकडे नऊ तुकड्या आहेत आणि त्यानं विचारपूर्वक दुप्पट, म्हणजे आठ दाणावैरण घेतली आहे. तो लादलेला. पहिल्या पत्त्यावर एकच वाट, खाल्ले दोन, उरले सहा. सहासुद्धा चारापेक्षा जास्तच, म्हणून दुसऱ्या पत्त्यावरही एकच वाट, खाल्ले दोन, उरले चार. तिसऱ्या पत्त्यावर तो मोकळा होऊन शहराखाली पोचतो आणि दोन खातो. तीन पत्ते गेले, हातात तेच दोन दाणावैरण.

दुप्पट रसद घेऊन निघालेला माणूस एक पत्ता उशिरा पोचला आणि हातात दुसऱ्याइतकीच शिदोरी उरली. शिवाय पहिल्याला त्या दोनात दोन पत्ते काढता येतात, याला एकच. आणि हिवाळ्यातल्या एका फेरीत अख्ख्या बाजूला मिळून चारच पत्ते बेतात ठेवता येतात. एका सरदाराचे जास्तीत जास्त तीन. म्हणजे त्याची ती सगळी फेरी नुसती चालण्यात गेली. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा पुढचे दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. तुमचा हेर्मान हा दुसरा सरदार आहे.

मग मोठी फौज कधीच न्यायची नाही का? न्यायची, पण जवळच्या कामाला, किंवा जिथे रसद मागून येत राहील अशा कामाला. रसद मागवण्याच्या कृतीत सरदाराच्या बैठकीच्या जागेपासून तो आहे तिथपर्यंत जितक्या वाटा, तितकी वाहनं लागतात. बैठक एका वाटेवर असेल तर एका स्लेजमध्ये काम होतं. तीन वाटांवर असेल तर तीन स्लेज एका दाणावैरणीसाठी अडकतात, आणि मध्ये कुठे शत्रू येऊन बसला तर सगळंच बंद. म्हणून दोर्पातजवळ, म्हणजे आपल्या बैठकीजवळ, हेर्मान श्रीमंत असतो आणि प्स्कोवपाशी भिकारी. माणूस तोच, फक्त अंतर बदललं.

वेढ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण नव्या खेळाडूंचं तिकडे हमखास दुर्लक्ष होतं. शहराचा वेढा आवळायचा, म्हणजे वेढ्याची खूण वाढवायची, तर त्या ठाण्याच्या क्षमतेइतके सरदार वेढ्यात हवेत. किती तुकड्या आहेत याला इथे महत्त्व नाही, सरदार किती आहेत याला आहे. प्स्कोवसारख्या शहराला एकटा हेर्मान बारा तुकड्या घेऊन बसला तरी मोर्चे पुढे सरकत नाहीत. आणि सुलतानढवा करायचा म्हटलं तर जितक्या वेढ्याच्या खुणा तितक्याच हल्ल्याच्या फेऱ्या मिळतात. एक खूण म्हणजे एक फेरी. तेवढ्यात तटावरची शिबंदी हटत नाही. आत शत्रूचा सरदार नसेल तर शरणागतीचा फासा टाकता येतो, पण तोही खुणांच्या संख्येवरच अवलंबून. आत प्स्कोवचा सरदार गाव्रिलो बसला असेल तर तोही मार्ग बंद.

याचा अर्थ असा की एका हेर्मानमध्ये नऊ तुकड्या कोंबण्यापेक्षा हेर्मान आणि त्याच बाजूचा दुसरा सरदार यारोस्लाव असे दोघे, प्रत्येकी सहाच्या आत, असे गेलेले बरे. खर्च तितकाच, दर पत्त्याला दोन. पण स्लेज दोघांच्या मिळून जास्त आणि वेढ्यात डोकी दोन. बेत रचताना एकाला दुसऱ्याच्या हाताखाली दिलं की एका पत्त्यावर दोघेही हलतात. तिसरा सरदार मागून येऊन मिळेल अशी सोय झाली तर प्स्कोव खरंच धोक्यात येतं.

इतिहासात प्स्कोव कसं पडलं ते इथे आठवावं. सप्टेंबर १२४० मध्ये प्स्कोवजवळचा इझबोर्स्कचा कोट पडला. तो सोडवायला प्स्कोवची फौज बाहेर आली आणि हरली. त्या लढाईत गाव्रिलो मारला गेला. मग शत्रूनं प्स्कोवभोवती आठवडाभर तळ दिला, आसपासची गावं जाळली, शहरातल्या बड्यांची मुलं ओलीस घेतली. आतल्या त्व्हेर्दिलो नावाच्या माणसाचं जर्मनांशी संधान होतं असं नोव्हगोरोदची बखर सांगते. तट फोडून कुणी आत शिरलं नाही. आधी मैदानात आतला सरदार संपवा, मग शरणागतीचा फासा टाका, असा तो क्रम आहे. खेळातही तोच क्रम सगळ्यात स्वस्त पडतो. म्हणून गाव्रिलो तटाच्या आत असताना प्स्कोवखाली बसण्यापेक्षा इझबोर्स्कपाशी असं काही करा की त्याला बाहेर यावंसं वाटेल.

ऋतूंवर आता बोलतो, कारण माझ्या मते हा या खेळाचा प्राण आहे. उन्हाळ्यात गाडे चालतात, नावा चालतात, गलबतं चालतात, बेतात सहा पत्ते असतात. हिवाळ्यात नद्या गोठतात, नावा बांधून पडतात, पण स्लेज कुठल्याही वाटेवर पळते, गोठलेल्या नदीवरूनसुद्धा. दिवस लहान, म्हणून पत्ते चार. आणि मग येतो रास्पुतित्सा, म्हणजे बर्फ वितळून सगळा मुलूख चिखलात रुतण्याचा काळ. पत्ते पाच असतात, पण गाडे चालत नाहीत, स्लेज चालत नाहीत. फक्त पाण्यावरची वाहनं, म्हणजे नावा आणि गलबतं, चालतात.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे पावसाळ्यात फौजा छावणीला असत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत. पाऊस संपला, नद्या उतरल्या, पिकं उभी राहिली की मोहिमेचा हंगाम. तिकडे नद्या गोठल्या की हंगाम. आपल्याला नदी आडवी येते ती पाण्यानं, त्यांना तीच नदी थंडीत हमरस्ता होते. पहिल्यांदा खेळताना मी हिवाळ्याला आपल्या पावसाळ्यासारखं समजलो होतो, आता बसून राहायचं असं. दोन डाव गेले तेव्हा कळलं की दलदलीच्या त्या मुलखात हिवाळा हाच चालण्याचा काळ आहे, आणि छावणी करायची ती वसंतात.

रास्पुतित्सामध्ये वाहनं शून्य म्हणजे काय होतं ते नीट बघा. शून्याची दुप्पटही शून्यच. नाव नसेल किंवा वाट पाण्याची नसेल, तर सरदार हलला की त्याच्याजवळची सगळी दाणावैरण जागीच टाकून द्यावी लागते. पोचल्यावर खायला घालायला काही नसतं आणि त्याची चाकरीची खूण, म्हणजे तो कुठल्या घरापर्यंत सोबत राहणार ते दाखवणारी खूण, कॅलेंडरवर एक घर डावीकडे सरकते. पण जो हलला नाही आणि लढला नाही त्याला खायला घालावंच लागत नाही. चिखलात बसून राहणं फुकट आहे. म्हणून हिवाळ्याचा दुसरा टप्पा संपताना तुमचा प्रत्येक सरदार जिथे असेल, ती जागा पुढचे ऐंशी दिवस त्याचं घर आहे असं समजूनच त्याला तिथे ठेवा.

हे मला महागात कसं पडलं ते सांगतो. सोळा घरांचा पूर्ण डाव होता, मी रशियन बाजूनं, समोर माझा नेहमीचा मित्र. आम्ही पट जेवणाच्या टेबलावर मांडतो आणि डाव संपेपर्यंत घरचे जमिनीवर बसून जेवतात, इतकी ती गोष्ट घरात रुळली आहे. १२४२ चा हिवाळा संपत आला होता, चौदावं घर. अलेक्सांद्र आणि त्याचा भाऊ आंद्रेई लिव्होनियात घुसलेले, प्स्कोवपासून दोन वाटा दूर. दोघांच्याही सहा-सहा तुकड्या. दोघांत मिळून चार लूट जमली होती. आंद्रेईची चाकरीची खूण सोळाव्या घरावर. बेतातलं शेवटचं पान अलेक्सांद्रचं होतं, तीन कृतींचं. मला तिथूनच परत फिरता आलं असतं. लुटीमुळे लादलेला असल्यानं एकच वाट झाली असती, पण दाणावैरण स्लेजवर होती, वाटेत खाऊन झालं असतं आणि चिखलात पुढे एकच वाट उरली असती. त्याऐवजी मी शेजारच्या मुलखात शिरून अजून एक जाळपोळ केली. अर्धा गुण. पट त्या क्षणी फार देखणा दिसत होता.

पंधराव्या घरात चिखल आला. स्लेज कुचकामी, दाणावैरण टाकली. लूट मात्र वाहनाशिवाय नेता येते आणि खायलाही चालते. तसा मी परत निघालो, एका पत्त्याला एक वाट. दर पत्त्याला दोघांची मिळून दोन लूट पोटात जायची. दोन पत्त्यांत चारही लूट संपली. दोघे प्स्कोवात पोचले, कुणी उपाशी नव्हतं, पण हात रिकामे. तीच लूट आपल्या ठाण्यात पोचून आंद्रेईला दिली असती तर त्याची खूण चार घरं पुढे गेली असती. कॅलेंडर सोळावर सरकलं आणि आंद्रेई सुझदालला निघून गेला. शेवटच्या फेरीत मित्रानं इझबोर्स्क परत घेतलं, आणि माझ्याकडे त्याला अडवायला जाईल असा दुसरा सरदार नव्हता. एक पूर्ण गुण गेला. तेव्हापासून मी बेत रचताना चौदाव्या घरातलं शेवटचं पान आधी ठेवतो आणि मग बाकीची पानं त्याच्यावर रचत येतो. परतीचं पान आधी. तुम्हीही महिनाभर असं करून बघा.

चाकरीच्या खुणेबद्दल बोललो नाही तर उत्तर अर्धं राहील, कारण तुमचे सरदार घरी जातात ते मुख्यतः तिच्यामुळे. प्रत्येक सरदार कॅलेंडरवर ठरावीक मुदतीची चाकरी घेऊन येतो. चालू घरात त्याची खूण असली की तो फौज मोडून जातो, पुन्हा काही काळानं येऊ शकतो. खूण चालू घराच्या डावीकडे पडली की तो डावातून कायमचाच गेला. उपाशी ठेवलं की खूण डावीकडे, नाणं किंवा लूट दिली की उजवीकडे, लढाई हरून माघार घेतली की पुन्हा डावीकडे. म्हणजे भूक, पैसा आणि पराभव हे तिन्ही एकाच दोरीवर मोजले जातात. मी बरेच वॉरगेम खेळलो आहे. मध्ययुगीन सरदाराच्या मनात काय चाललं असेल हे इतक्या साध्या खुणेत कुणी पकडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. तो कुणाचा पगारी शिपाई नव्हता. त्याची शेती होती, मांडलिक होते, आणि ठरलेल्या दिवसांच्या पुढे थांबायचं तर त्याला तसं कारण द्यावं लागे.

व्यवहारात याचा उपयोग असा. जमवाजमवीत दोन सरदारांना एकाच वेळी बोलावू नका, त्यांच्या चाकऱ्या एकाच वेळी संपतात आणि आघाडी एका दिवसात ओस पडते. एक घर आड बोलवा. आणि नाणी शेवटच्या क्षणापर्यंत जपून ठेवण्यात शहाणपण नाही. फेरी संपताना ज्याच्याजवळ कुठल्याही एका प्रकारचा माल एकापेक्षा जास्त आहे त्याला एक तसाही टाकून द्यावा लागतो. दोन नाणी जपून ठेवणारा एक नाणं फुकट घालवतो. ते आधीच चाकरीत घाला.

रशियन बाजूचं थोडक्यात सांगतो. तिथे नोव्हगोरोदची वेचे, म्हणजे नगरसभा, हा सगळा वेगळा खेळ आहे. अलेक्सांद्र यायला तयार असताना सभेनं त्याला नको म्हटलं तर रशियन बाजूला गुण मिळतो. पुढे तोच गुण खर्च करून त्याला हमखास बोलावता येतं. प्रत्यक्षात झालं ते असंच. १५ जुलै १२४० ला त्यानं नेवाकाठी स्वीडिश फौज हरवली, आणि त्याच वर्षी नोव्हगोरोदकरांशी बिनसून तो शहर सोडून गेला. मग व्होद लोकांच्या मुलखात शत्रूनं कोपोर्येचा कोट बांधला, घोडेगुरं नेली, तेव्हा १२४१ मध्ये त्याला परत आणलं. नवे खेळाडू त्याला पहिल्याच संधीला पटावर आणतात. माझं मत, उन्हाळ्यात त्याला नको म्हणा, दोमाश आणि व्लादिस्लाव या दुसऱ्या रशियन सरदारांवर भागवा आणि हिवाळा तोंडावर आला की बोलवा. त्याची चाकरी स्लेजच्या दिवसांत खर्च व्हायला हवी.

राहिली लढाई. ती होत नाही याचं कारण सरळ आहे. शत्रू चालून आला तर समोरच्याला तटाआड जाता येतं किंवा लढाई टाळून शेजारच्या ठिकाणी निघून जाता येतं. लढाई तेव्हाच होते जेव्हा दोघांनाही वाटतं की आपण जिंकू, किंवा एकाला टाळणं परवडत नाही. आणि टाळणं न परवडण्याचं कारण बहुतेक वेळा लूटच असतं. टाळून निघायचं तर मोकळं व्हावं लागतं, लूट आणि जास्तीची दाणावैरण शत्रूच्या हाती सोडावी लागते. म्हणून तुम्हाला लढाई हवी असेल तर लादलेल्या सरदाराला गाठा. चार लूट घेऊन घरी निघालेला अलेक्सांद्र पळत नाही. तो उभा राहतो.

लढाईची मांडणी तुम्ही नियमातून शिकालच, दोनच गोष्टी सांगतो. समोर तीनच जागा असतात, डावी, मधली, उजवी. चौथा सरदार मागे राखीव. त्यामुळे एक बलदंड सरदार मध्ये आणि दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या तर तो कडेनं मार खातो. दुसरं, लढाईच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मैदान सोडल्याचं जाहीर करता येतं. नवखे खेळाडू मानापमानापायी ते करत नाहीत आणि नाइट संपेपर्यंत उभे राहतात. नाइट पुन्हा लवकर मिळत नाहीत. दुसऱ्या फेरीत चित्र स्पष्ट होतं. वाईट दिसत असेल तर निघा.

आणि त्या काळच्या सगळ्यात प्रसिद्ध लढाईकडेच बघा. ५ एप्रिल १२४२, पेयपुस सरोवराच्या बर्फावर. मार्चमध्ये अलेक्सांद्रनं प्स्कोव सोडवलं, मग तो शत्रूच्या मुलखात शिरला. तिथे पोचल्यावर त्यानं सगळी फौज खाणंपिणं मिळवायला मुलखात पांगवली, असं नोव्हगोरोदची बखर सांगते. दोमाश एक तुकडी घेऊन पुढे हिंडत होता. एका पुलापाशी जर्मनांनी आणि एस्टोनियन लोकांनी त्याला गाठलं आणि तो मारला गेला. उरलेले पळत येऊन राजपुत्राला मिळाले, तेव्हा अलेक्सांद्र मागे वळून सरोवरावर आला. शत्रू पाठलाग करत आला आणि तिथे लढाई झाली. लिव्होनियाकडच्या पद्यबखरीत वीस ट्यूटॉनिक बंधू पडले आणि सहा पकडले गेले असा आकडा आहे. नोव्हगोरोदकडे चारशे जर्मन पडले आणि पन्नास पकडले असा. आकड्यांवर वाद घालणारे घालोत. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. एप्रिलचा पहिला आठवडा, बर्फ अजून घट्ट पण दिवस मोजके, फौज परमुलखात दाण्यासाठी पांगलेली. दोन्ही बाजूंना कॅलेंडरवरचं पुढचं घर दिसत होतं. आपल्याकडे १४ जानेवारी १७६१ ची सकाळ कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. गोविंदपंत बुंदेले पडले, रसद तुटली, आणि उपाशी फौजेला मैदानात यावंच लागलं. तुम्हाला चार डावांत लढाई दिसली नाही, पण चारही डावांत तुम्ही लढाईच्या आधीचे ते आठवडे खेळलात. पुढच्या वेळी तेच आठवडे समोरच्याला भोगायला लावा.

आता पुढे काय खेळायचं. सोळा घरांचा पूर्ण डाव इतक्यात नको. आधी १२४० च्या उन्हाळ्याचा, दोन घरांचा प्स्कोवचा छोटा डाव पुन्हा मांडा. त्याला खेळात जर्मन नावानं ‘प्लेस्काऊ’ म्हटलंय. त्यात हेर्मानला सहाच्या वर एकही तुकडी देऊ नका, काहीही झालं तरी. मग वाटलांडचा डाव घ्या, चौथ्या घरापासून आठव्यापर्यंत. तिथे हिवाळा आणि चिखल दोन्ही एकापाठोपाठ येतात, आणि स्लेज ते रिकामे हात हा प्रवास तुम्हाला पाच फेऱ्यांत दिसेल. माणूस मिळत नसेल तर दोन्ही बाजू स्वतः खेळा. एका बाजूचा बेत रचून पालथा ठेवला की तासभर उठून दुसरं काम करा, मग दुसऱ्या बाजूचा रचा. मधल्या तासात पहिला बेत बराच विसरला जातो, तेवढं पुरतं.

याच मालिकेतले पुढचे खेळ, स्पेनमधल्या १०८५-८६ च्या मोहिमांवरचा ‘आल्मोराविद’, टस्कनीवरचा ‘इन्फेर्नो’, इंग्लंडमधल्या यादवीवरचा ‘प्लँटॅजेनेट’, घ्यावेत का असंही मनात येईल. घाई करू नका. नियमांचा सांगाडा तोच आहे, पण इथला चिखल तिथे नाही.

वाटलांडचा डाव झाला की सातव्या घराच्या सुरुवातीला तुमचा प्रत्येक सरदार कुठे होता आणि त्याच्या मॅटवर काय होतं, एवढं कागदावर टिपून ठेवा आणि मला पाठवा. त्यावरून पुढचं बोलू.